पहिली खरेदी: १०×५० की ८ इंची डॉबसोनियन?

मुंबईजवळच्या वांगणीला अमावास्येच्या सुमारास रात्रभर आकाशदर्शन केलं की आपली स्वतःची दुर्बीण असावी असं वाटू लागतं. मग गाडी बहुधा या दोन पर्यायांवर येऊन अडते: दोन डोळ्यांनी बघायची १०×५० (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) किंवा ८ इंची आरशाची डॉबसोनियन, थोडक्यात डॉब, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर हाताने वळवायची नळीची दुर्बीण.

ताकदीत डॉब कितीतरी पुढे. तिचा आरसा ५० मिमीच्या भिंगाच्या सोळापट प्रकाश गोळा करतो. मृगातला तेजोमेघच बघा. १०×५० मधून बाणाच्या, म्हणजे ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या, दक्षिणेला धुरकट डाग दिसतो. डॉबला २५ मिमीची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) लावली की त्याच डागाला दोन्ही बाजूंनी पंख फुटतात, मधोमध चार तारे सुटे दिसतात आणि त्यांच्या शेजारी काळोखाची एक खाच आत घुसलेली असते. फोटोतला गुलाबी रंग शोधू नका. डोळ्याला राखाडी, फार तर हिरवट दिसतं. शनीची कडी हवी असतील, तर १०×५० चा उपयोगच नाही.

पण आकाश ओळखायला १०×५० च हवी. तिच्यात साडेसहा अंशांच्या आसपास आकाश मावतं, त्यामुळे कृत्तिका आजूबाजूच्या ताऱ्यांसकट दिसतात आणि देवयानी दीर्घिकेची लांबी कळते. चित्र सुलट असल्याने नकाशाशी लगेच जुळतं. चटईवर आडवं पडून कोपरं छातीशी टेकवली की हातही फारसे हलत नाहीत. डॉबमध्ये चित्र उलटं. १२० पटीला तर तारा दोनेक मिनिटांत क्षेत्राबाहेर जातो, सतत नळी हाताने सरकवावी लागते. सवय झाली की यात मजा येते, पण नवख्याची निम्मी रात्र शोधण्यातच जाते.

शिवाय डॉबचं वजन वीस किलोच्या वर. लोकलने ती न्यायची म्हणजे दिव्यच, गाडी हवीच. प्रवासानंतर आरसे पुन्हा जुळवावे लागतात. किमतीतही कित्येक पटींचा फरक.

माझं स्पष्ट मत: आधी १०×५० घ्या. आकाशदर्शनाच्या रात्री मोठ्या दुर्बिणी असतातच आणि त्यांचे मालक आवर्जून बोलावून दाखवतात. उन्हाळ्यात पहाटेपर्यंत थांबायची गरज नाही, एप्रिल-मेच्या रात्री नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला पुरेसा वर येतो. तो आधी आपल्या १०×५० मधून बघा, मग शेजारच्या डॉबमधून. कापसाच्या बोळ्यासारखा गोळा असंख्य ताऱ्यांत फुटतो, आणि डॉबवर पैसे घालायचे की नाही हे तिथेच ठरतं.

गावी अंगण असेल आणि आकाश काळंभोर असेल, तर मात्र थेट डॉब घ्या. फक्त '६७५ पट' असं छापलेली ६० मिमीची दुर्बीण घेऊ नका. तेवढ्या भिंगाला १२० च्या पुढे चित्र नुसतं पुसट होतं, आणि तिचं स्टँड श्वास लागला तरी हलतं.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा. कोकणपट्टीत भिंगांवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.