बाळाच्या चपट्या डोक्यासाठी हेल्मेट: काही महिने वापरल्यानंतर

लेकीचं डोकं मागून उजवीकडे चपटं होतं आणि त्या बाजूचा कान थोडा पुढे सरकलेला. पाचव्या महिन्यात हेल्मेट सुरू केलं. दिवसातले २३ तास घालायचं, उरलेला तास आंघोळ आणि पुसापुशीचा. सुरुवातीचे दिवस वैतागाचे. डोकं घामाने चिंब होतं, आणि वास! आतला फोम रोज पुसून पूर्ण वाळला की मगच परत घालायचं. काढल्यावर लालसर डाग दिसतात. तासाभरात गेले नाहीत तर हेल्मेट कुठेतरी रुततंय, लगेच दाखवून घ्या.

हे डोकं दाबून गोल करत नाही. फुगीर भागाला ते नुसतं टेकतं आणि चपट्या भागापाशी मोकळी जागा ठेवतं. मेंदू वाढतो तशी कवटी तिकडे सरकते. म्हणून वर्षानंतर फारसा उपयोग नाही, वाढीचा तो वेगच राहत नाही.

घरात सगळ्यांची धास्ती एकच: मेंदू दबला तर? झोपण्याने आलेल्या चपटेपणात तसं होत नाही. आतली जागा कमी होत नाही, फक्त आकार बदलतो. कवटीचे सांधे वेळेआधी जुळले असतील तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे दाब वाढू शकतो आणि शस्त्रक्रिया लागते. त्यामुळे आधी डॉक्टरांकडून तेवढं नक्की करून घ्या. चपट्या डोक्याची काही मुलं विकासात मागे दिसतात, हे अभ्यासांत आलंय. पण मला उलटा क्रम जास्त पटतो: स्नायू सैल असलेलं, कमी हालणारं बाळ एकाच कुशीवर पडून राहतं. हेल्मेटने त्यावर काय होणार?

आकार सुधारला, हे खरं. श्रेय किती द्यायचं, हा प्रश्नच आहे. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेल्या, २०१४ साली छापून आलेल्या चाचणीत दोन वर्षांच्या वयाला हेल्मेटवाली आणि बिनहेल्मेटवाली मुलं जवळपास सारखीच निघाली. त्यात मान आखडलेली बाळं घेतली नव्हती, आमच्या लेकीची मान मात्र आखडलेली होती. तिच्या मानेचे व्यायाम आणि जागेपणी पालथं घालणं, यांना मी हेल्मेटपेक्षा जास्त गुण देईन. रात्री मात्र उताणंच झोपवायचं, त्यात तडजोड नाही. डोक्याला आकार देणाऱ्या उशा तर नकोतच. गुदमरण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्था) २०२२ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिलाय.

चपटेपणा सौम्य असेल तर घेऊ नका. बराच असेल आणि बाळ चार ते सहा महिन्यांचं असेल तर विचार करा, पण डोकं वाढेल तसा आतला फोम घासून घ्यायला सारखं जावं लागतं, तेवढी सवड आधी बघा.