फ्रीकॅडच्या टेकड्रॉवर वर्कशॉपची ड्रॉइंग: काही महिने वापरल्यावर

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) छोट्या जॉबवर्कसाठी फ्रीकॅड 1.0 हे मोफत थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअर (नोव्हेंबर 2024 मध्ये आलेली आवृत्ती) आणि त्यातला मॉडेलवरून ड्रॉइंग काढणारा विभाग, म्हणजे टेकड्रॉ वर्कबेंच, काही महिने रोजच्या कामात वापरून झाला. जॉब नेहमीचेच: बेअरिंग हाउसिंग, शाफ्ट, फ्लँज, ब्रॅकेट. मॉडेल तयार असते, त्यावरून टर्नरच्या आणि व्हीएमसीवाल्याच्या (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवाल्याच्या) हातात द्यायचा कागद काढायचा. मत आधीच सांगून टाकतो: व्ह्यू (वेगवेगळ्या बाजूंनी दिसणाऱ्या आकृत्या) झकास निघतात, मापांवर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. माप कुठे फसवते हे एकदा कळले, की एवढ्या कामासाठी विकतचे सॉफ्टवेअर घेण्याची गरज वाटत नाही.

आधी टेम्पलेट. कोऱ्या पानाची ही चौकट म्हणजे साधी एसव्हीजी चित्राची फाइल असते. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून टायटल ब्लॉक आपल्याला हवा तसा करता येतो. फक्त भरायच्या जागांचा मजकूर 'पाथ'मध्ये बदलू नये, नाहीतर ती जागा फ्रीकॅडमध्ये भरता येत नाही. टेम्पलेटची प्रत प्रत्येक ड्रॉइंगच्या फाइलच्या पोटात जाऊन बसते. त्यामुळे नंतर लोगो बदलला तरी जुन्या ड्रॉइंगवर जुनाच राहतो, तिथे टेम्पलेट पुन्हा जोडावे लागते. नोट्सच्या जागेत 'न दाखवलेले टॉलरन्स आयएस 2102, मध्यम' ही ओळ कायमची टाकून ठेवावी. टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक, आयएस 2102 हे त्याचे भारतीय मानक. म्हणजे 6 ते 30 मिमीला ±0.2, 30 ते 120 ला ±0.3 हे आपोआप लागू होते आणि प्रत्येक मापाला टॉलरन्स चिकटवत बसावे लागत नाही.

प्रोजेक्शन ग्रुप हे या वर्कबेंचचे सगळ्यात चांगले अंग. फ्रंट व्ह्यू ठरवला की बाकीचे चौकोनात टिचकी मारून येतात आणि एकमेकांच्या रेषेत राहतात. आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली. परदेशी ग्राहकाचे थर्ड अँगल (टॉप व्ह्यू वर) असेल तर ग्रुपच्या सेटिंगमध्ये बदलता येते. मात्र टायटल ब्लॉकमधले कापलेल्या शंकूचे चिन्ह हे नुसते चित्र आहे, ते आपल्या हाताने बदलावे लागते. व्ह्यू एक सांगतो आणि चिन्ह दुसरेच, असा कागद बाहेर गेला की डावा-उजवा उलटलेला जॉब परत येतो.

आतल्या, झाकलेल्या कडांच्या तुटक रेषा सुरुवातीला दिसत नाहीत, त्या प्रत्येक व्ह्यूच्या गुणधर्मांत 'हार्ड हिडन' चालू केल्यावर येतात. उलट फिलेटच्या (गोल केलेल्या कोपऱ्याच्या) कडांवरच्या नको असलेल्या रेषा आपोआप येतात. 'स्मूद व्हिजिबल' बंद केले की कास्टिंगचा व्ह्यू स्वच्छ होतो.

आता खरी अडचण. टेकड्रॉचे माप मॉडेलच्या भोकाला बांधलेले नसते. ते व्ह्यूमधल्या कडेच्या क्रमांकाला बांधलेले असते. मॉडेल बदलले की त्यातल्या कडांचे क्रमांक बदलण्याचा जुना घोळ 1.0 मध्ये बराच आटोक्यात आला, पण व्ह्यूतल्या कडांचे क्रमांक वेगळे असतात आणि मॉडेल बदलले की ते सरकू शकतात. 6204 बेअरिंगचे हाउसिंग घ्या. बोअर (बेअरिंग बसायचे भोक) 47, त्याला एच7 हा टॉलरन्सचा वर्ग, म्हणजे +0.025 आणि 0. ड्रॉइंग झाल्यावर मॉडेलमध्ये बोअरच्या तोंडाला 1×45° चॅम्फर (तिरकी कापलेली कड) दिला. फ्रंट व्ह्यूमध्ये आता दोन वर्तुळे आहेत, 47 चे आणि 49 चे. माप उडी मारून बाहेरच्या वर्तुळावर बसले, तर कागदावर ⌀49 आणि शेजारी तेच +0.025 दिसते. लाल खूण नाही, इशारा नाही. माप अगदी खरे वाटते, म्हणूनच धोका जास्त. माप पूर्ण तुटून चुकीचे दिसले तर बरे, निदान लक्ष तरी जाते.

यावर उपाय तीन. चॅम्फर आणि फिलेट मॉडेलमध्ये आधीच पुरे करावेत, पान त्यानंतर उघडावे. बोअर, शाफ्टची बैठक, पीसीडी (भोकांची केंद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) अशी महत्त्वाची मापे फ्रंट व्ह्यूच्या गर्दीत न देता सेक्शनमध्ये (कापून दाखवलेल्या व्ह्यूमध्ये) द्यावीत, तिथे कोणती रेषा पकडली ते उघड दिसते. आणि रिव्हिजन झाली की जुनी पीडीएफ शेजारी ठेवून एकेक माप पाहावे. सरकलेले माप पुसून नव्याने काढण्यापेक्षा मापाचे संदर्भ दुरुस्त करण्याचे साधन वापरावे, त्यात टॉलरन्स आणि मजकूर तसाच राहतो.

आयसोमेट्रिक व्ह्यूवर माप दिले तर 100 ची कड 81.65 दाखवते, कारण माप कागदावर पडलेल्या सावलीचे असते. थ्रीडी खिडकीतली कड आणि व्ह्यू एकत्र निवडून माप दिले की खरे 100 येते. तरी आयसोमेट्रिक नुसते बघण्यापुरते ठेवावे.

दशांशाचा फटका टॉलरन्सला बसतो. मूळ सेटिंगमध्ये दोन दशांश असतात. 20 मिमी शाफ्टच्या के6 या टॉलरन्सच्या वर्गाला +0.015 आणि +0.002 हाताने भरले, तर खालचा आकडा कागदावर शून्य होतो आणि वरचाही गोल होतो. टॉलरन्सच्या फॉरमॅटमध्ये दोनाचे तीन करावे. मूळ मापाच्या फॉरमॅटमध्ये शेवटचे अक्षर डब्ल्यू असते, ते मागची शून्ये खाऊन टाकते. 45.50 हवे असेल तर तिथे एफ लिहावे. होल-शाफ्ट फिटचे साधन वापरले तर फिटचे अक्षर आणि मर्यादा दोन्ही एकदम बसतात.

थ्रेडचे भोक करताना होल फीचरमध्ये 'मॉडेल थ्रेड' बंद ठेवावे. नाहीतर चार एम8 भोकांसाठी पान इतके रेंगाळते की चहा होतो. पण ते बंद असताना मॉडेलमधले भोक टॅप ड्रिलचे (आटे पाडण्याआधीच्या ड्रिलचे), म्हणजे 6.8 चे असते आणि माप तेच सांगते. तिथे '4×एम8, खोली 16' असा मजकूर स्वतः लिहावा लागतो. हा मजकूर मॉडेलशी जोडलेला नाही, म्हणून एम8 चे एम10 केले की ही ओळ आठवणीने बदलावी. कॉस्मेटिक थ्रेडची (नुसत्या चित्रातल्या आट्यांची) पाऊण वर्तुळाची रेषा वेगळ्या साधनाने मिळते. पीसीडीची मध्यरेषाही मिळते, त्यासाठी किमान तीन भोके निवडावी लागतात.

सेक्शन बरे चालते, पण नियम त्याला ठाऊक नाहीत. शाफ्ट, बोल्ट, चावी (शाफ्टची की), रिब लांबीतून कापल्यावर हॅच (तिरक्या रेघा) करायचे नसतात, टेकड्रॉ मात्र सरसकट हॅच करतो. असेंब्लीत सेक्शनसाठी फक्त हाउसिंग निवडावे. रिब असेल तर छेदाची दिशा फिरवून रिब चुकवावी. भौमितिक टॉलरन्सच्या (आकार आणि दिशेत चालणाऱ्या फरकाच्या) चौकटीसाठी 1.0 मध्ये स्वतंत्र साधन नाही, त्यामुळे ती चिन्हे जोडून बसवावी लागतात. समांतरता आणि रनआउट (फिरवल्यावर दिसणारा डगमगाट) यांच्या मर्यादा भरपूर असणाऱ्या पार्टसाठी हे काम कंटाळवाणे आहे.

प्रिंट काढताना पीडीएफच्या खिडकीत 'फिट टू पेज' बंद, 100 टक्के. ए3 वर 1:1 व्ह्यू असेल तर छापलेल्या 100 मिमीवर स्टीलची पट्टी ठेवून बघावी. लेझर कटिंगवाल्याला मात्र या पानाची डीएक्सएफ (कटिंग मशीनला द्यायची रेषांची फाइल) देऊ नये. पानावरच्या आकृतीला व्ह्यूची स्केल लागलेली असते, 1:2 च्या पानावरून प्लेट निम्मीच कापली जाईल. त्याच्यासाठी मॉडेलचा सपाट फेस निवडून वेगळी डीएक्सएफ काढावी आणि पाठवण्याआधी ती नव्या फाइलमध्ये उघडून एक बाजू मोजावी.