मुलीला सर्वाव्हॅक दिली: एचपीव्हीची लस, क्लिनिक, खर्च आणि घरातली चर्चा

माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत. तिचे एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो व्हायरस) लसीचे दोन्ही डोस आता पूर्ण झाले म्हणून सविस्तर लिहितेय, कारण आमच्या सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर सारखं कोणी ना कोणी विचारत असतं की द्यावी का, कुठली द्यावी, आणि उत्तर काय तर "आम्ही दिली, काही त्रास नाही झाला". एवढ्यावर कोण निर्णय घेणार? माझं मत आधीच सांगून टाकते, द्या, आणि पंधरा पूर्ण व्हायच्या आत द्या.

आम्ही जी दिली ती सर्वाव्हॅक, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. २०२२ च्या जुलैमध्ये तिला परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती आली. एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. यातले १६ आणि १८ हे खरे वैरी, जगात गर्भाशयाच्या तोंडाचा जेवढा कॅन्सर होतो त्यातला साधारण ७० टक्के या दोघांमुळेच. ६ आणि ११ मुळे कॅन्सर नाही होत पण गुप्तांगावर चामखिळी येतात. दुसरी आहे ती गार्डासिल ९, बाहेरच्या कंपनीची, तिच्यात नऊ प्रकार आहेत म्हणजे संरक्षण जास्त हे खरंच, पण एका डोसला दहा हजारांच्या आसपास जातात. सर्वाव्हॅक आली तेव्हा एका डोसची किंमत दोन हजार रुपये होती. ज्यांना परवडतं त्यांनी नऊवाली जरूर घ्यावी, पण ती परवडत नाही म्हणून लसच नको असं कृपा करून करू नका, कारण मोठा धोका ज्या दोन प्रकारांचा आहे ते दोन्हीत आहेत.

हे लिहायचं कारण म्हणजे आम्ही आधी ज्या ठिकाणी चौकशी केली तिथे फक्त महागडीच सांगितली, भारतीय लस आहे हे मी विचारल्यावर "ती आम्ही ठेवत नाही" असं उत्तर. नका ठेवू, पण आहे हे तरी सांगा ना. दोन मुली असलेल्या घराने एवढा आकडा ऐकला की ते परत येत नाहीत, आणि मग तो विषयच मागे पडतो. नंतर आमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांकडेच गेलो, त्यांनी दोन्ही लसींच्या किमती कागदावर लिहून दिल्या आणि घरी जाऊन ठरवा म्हणाल्या. अजिबात घाई केली नाही. त्या क्लिनिकला माझ्याकडून पूर्ण मार्क.

घरी मात्र वेळ लागला. सासूबाईंचं म्हणणं, "अगं एवढीशी पोरगी, तिला आत्तापासून कशाला असलं काही, लग्न ठरलं की बघू." हे खूप घरांत बोललं जातं आणि त्यात वाईट काही नाही, काळजीच असते. मी डॉक्टरांना हे जसंच्या तसं विचारलं. त्या म्हणाल्या, ही लस आधी झालेला संसर्ग बरा करत नाही, तो होऊच नये म्हणून असते, म्हणून जेवढी आधी तेवढी चांगली. शिवाय ९ ते १४ या वयात शरीराचा प्रतिसाद जास्त जोरदार असतो, म्हणून सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, पंधरा पूर्ण झाली की तीन लागतात. आणि हा व्हायरस इतका सर्रास आहे की एकाच नवऱ्याशी आयुष्यभर संसार केलेल्या बाईलाही तो होतो. सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी त्यांनीच मला त्यांच्या मामेबहिणीचं सांगितलं, अंगावरून जायचं, लाजेने कोणाला बोलली नाही, दवाखान्यात नेलं तेव्हा हाताबाहेर गेलं होतं. असं नातेवाइकांत कोणी ना कोणी निघतंच. २०२० च्या अंदाजानुसार आपल्या देशात या कॅन्सरचे वर्षाला सव्वा लाखाच्या जवळपास नवे पेशंट आणि ७७ हजार मृत्यू. आणि हे त्या कॅन्सरचं, जो टाळता येतो.

मिस्टरांची शंका वेगळी होती. त्यांना एक फॉरवर्ड आला होता, या लसीने पुढे मूल व्हायला त्रास होतो आणि आंध्रात मुली गेल्या होत्या असा. मी हे नीट शोधून वाचलं. आंध्रातलं प्रकरण खरं घडलेलं आहे. २००९ मध्ये खम्मम (आता तेलंगणात) आणि गुजरातमधल्या वडोदरा इथे एका प्रकल्पात मुलींना लस दिली, त्यातल्या सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये ते काम थांबवलं. चौकशीत मृत्यूची कारणं साप चावणं, पाण्यात बुडणं, मलेरिया अशी निघाली, लसीशी संबंध सापडला नाही. पण त्याच चौकशीत हेही बाहेर आलं की कितीतरी मुलींच्या संमतीच्या फॉर्मवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, आणि हे चुकलंच होतं, त्यावर झालेली टीका योग्यच होती. म्हणून शाळेतून फॉर्म आला तर नुसती सही करून परत पाठवू नका, वाचा, विचारा, मुलीशी बोला.

आता याच्यातली मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट. त्याच काळात देशात एक दुसरा मोठा अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन हे बघायला, आणि वरच्या प्रकरणानंतर लस देणं थांबवायला सांगितल्यामुळे तोही मध्येच थांबला, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पण डॉक्टरांनी त्या मुलींना सोडलं नाही, दहा वर्षं त्यांच्या मागे राहिले, आणि २०२१ मध्ये निकाल आला की एका डोसनेही १६ आणि १८ चा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात ९५ टक्क्यांच्या आसपास यश मिळतंय. या अभ्यासाच्या केंद्रांमध्ये पुणे होतं आणि आमचं बार्शीही, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. माझं माहेर त्या भागातलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यात या भारतातल्या पोरींचाही वाटा आहे. मला हे वाचून फार भरून आलं. (आम्ही दोन डोस दिले कारण आमच्या डॉक्टरांनी तेच शेड्युल सांगितलं, तुम्ही तुमच्या डॉक्टरांचं ऐका.)

मूल न होण्याचं म्हणाल तर त्याला आधार नाही. २०१७ पर्यंत जगात २७ कोटींच्या वर डोस वाटले गेले होते आणि तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने लस अत्यंत सुरक्षित आहे असंच सांगितलं. लसीत जिवंत व्हायरस नसतो, त्याचं फक्त वरचं कवच असतं. उलट या कॅन्सरच्या उपचारातच कितीतरी तरुण बायकांची पिशवी काढावी लागते. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुली आता मोठ्या झाल्यात, २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात त्यांच्यात या कॅन्सरचा एकही पेशंट सापडला नाही. हे मिस्टरांना दाखवलं आणि चर्चा संपली.

प्रत्यक्ष लस दंडात देतात. डॉक्टर माझ्याशी न बोलता आधी मुलीशी बोलल्या, "बाळा, ही कशाची लस आहे माहितीये का?" आणि पिशवी, पाळी, कॅन्सर हे शब्द न लाजता वापरून तिला समजावलं. ती पण शांतपणे ऐकत होती, घरी येऊन तिने तिच्या मैत्रिणीला फोनवर सगळं सांगितलं. दिल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, या वयात सुईला घाबरून चक्कर येते काहींना, त्यामुळे उपाशीपोटी नेऊ नका. दोन दिवस दंड दुखला, पहिल्या रात्री अंग थोडं कोमट, बाकी काही नाही. यीस्टची ॲलर्जी किंवा आधी कुठल्या लसीची मोठी रिॲक्शन आली असेल तर आधीच सांगा, अंगात ताप असेल तर पुढे ढकला.

मुलग्यांनाही ही देता येते, घशाचे वगैरे काही कॅन्सर त्यांनाही याच व्हायरसने होतात. धाकटा नऊचा झाला की त्याला देणार आहे, ते ठरलंय.

एकच तक्रार, दुसऱ्या डोसची आठवण करून द्यायला क्लिनिककडून मेसेज आला नाही, मी मोबाईलमध्ये रिमाइंडर लावला होता म्हणून लक्षात राहिलं. तुम्हीही लावा, सहा महिन्यांत सगळे विसरतात. लस फ्रीजमधून तुमच्या समोर काढायला सांगा, एक्सपायरी बघा, बॅच नंबरचं स्टिकर फाईलला लावून घ्या. तुमच्या भागात सरकारी मोहीम चालू असेल तर पैसे भरायच्या आधी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. आणि आयांनो, मुलीला लस दिली म्हणून आपली तपासणी टळत नाही. तिशी ओलांडली असेल तर तिच्या डोसच्या दिवशीच स्वतःच्या पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही टेस्टची वेळ घेऊन या, मी घेतली.