लिंक तपासणारी ‘लिची’ : आठ महिने वापरल्यानंतर

नांदेडच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याची मेल आली. “सर, इन्स्टॉलेशनच्या पानावरची तिसरी लिंक उघडली की रमी लागते. असंच आहे का?”

असंच आहे का, असं विचारणारा पोरगा सज्जन म्हणायचा. मी लिंक उघडली. खरोखर रमी लागली, वर पहिल्या डावाला बोनस. चार वर्षांपूर्वी त्याच पत्त्यावर एका भल्या माणसाने देवनागरी फॉन्ट कसे बसवायचे ते लिहून ठेवलं होतं. त्याने डोमेनचं नूतनीकरण केलं नाही, कोणीतरी ते उचललं, आणि आमच्या डॉक्समधून, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या पानांवरून, लोक थेट पत्त्यांच्या डावावर जाऊ लागले. किती दिवस, देव जाणे.

आमचा प्रकल्प छोटा आहे. पर्जन्यमापकांच्या नोंदी वाचून तक्ते आणि आलेख काढणारी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली एक लायब्ररी, शनिवार-रविवारी काम करणारे पाच-सहा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे), स्फिंक्सवर (डॉक्सची पानं बनवणाऱ्या साधनावर) बांधलेली नव्वदेक पानांची डॉक्स, आणि त्यातल्या सुरुवातीच्या सहा पानांचा मी केलेला मराठी अनुवाद. कोड कोणीही आनंदाने लिहितं. लिंका तपासायला कोणी तयार नसतं, म्हणून ते काम त्या मेलनंतर आपोआप माझ्याकडे आलं.

पहिल्या संध्याकाळी मी हाताने चाळीसेक लिंका उघडून पाहिल्या आणि कंटाळलो. मग लिची बसवली. रस्ट या भाषेत लिहिलेलं, कमांड लाइनवर चालणारं हे मुक्तस्रोत साधन आहे. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि एचटीएमएल (वेबपानांची भाषा) फायली वाचतं, त्यातली प्रत्येक लिंक वेचतं आणि पलीकडच्या सर्व्हरचं दार वाजवून येतं. (घरी मी “रात्री लिची लावून झोपतो” म्हणालो, तेव्हा आईने फ्रिज उघडून पाहिला होता.)

वेगाबद्दल तक्रार नाही. सहाशेच्या वर लिंका चहा ओतेपर्यंत तपासून झाल्या. निकाल बघून मात्र छातीत धस्स झालं: ७१ लिंका लाल.

इथेच नवीन माणूस फसतो. त्या ७१ पैकी तीसेक लिंका ठणठणीत होत्या. ब्राउझरमध्ये उघडत होत्या, लिचीला दार उघडत नव्हत्या. काही सर्व्हर यंत्र आलंय हे ओळखून ४०३ देतात, म्हणजे “आत यायला मनाई.” काही ४२९ देतात, म्हणजे “किती वेळा येताय, थांबा जरा.” त्यात चूक आपलीच असते, कारण लिची मूळ सेटिंगवर एकाच वेळी १२८ विनंत्या पाठवू शकते. एकाच साइटकडे आपल्या पन्नास लिंका असल्या तर पन्नास माणसं एकदम दारात. मी तो आकडा ८ वर आणला आणि त्या तीसेकांतली निम्मी लाली गेली. गिटहबच्या (कोड ठेवायच्या साइटच्या) लिंका भरपूर असतील तर टोकनही द्या, म्हणजे आपली ओळख सांगणारा कोड. त्यांच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांसाठीच्या दाराला, ओळख न देता तासाला ६० विनंत्या चालतात, टोकन दिलं की ५,०००. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर माझा एक रविवार वाचला असता.

उरलेल्या चाळीसेक लिंका खरंच मेलेल्या होत्या. त्या निस्तरताना जुना वाडा उतरवताना थर दिसावेत तसा प्रकल्पाचा इतिहास दिसत गेला. गप्पांच्या खोलीची लिंक फ्रीनोड या चॅट नेटवर्कची. मे २०२१ मध्ये तिथले स्वयंसेवक बाहेर पडले, लिबेरा चॅट उभं राहिलं, आम्हीही तिकडे गेलो, पण पानावर जुनाच पत्ता. कोडच्या चाचण्या पास झाल्या का ते दाखवणारा बिल्ला ट्रॅव्हिस या चाचणी-सेवेच्या डॉट ऑर्ग पत्त्याचा. तो पत्ता जून २०२१ मध्येच बंद झालेला. आणि रीडमीतली (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमधली) चित्रं गायब, कारण आम्ही मुख्य ब्रँचचं (कोडच्या मुख्य शाखेचं) नाव ‘मास्टर’वरून ‘मेन’ केलं होतं. फाइलच्या नेहमीच्या लिंका गिटहब अशा वेळी नव्या नावाकडे वळवतं, ‘रॉ’ (थेट मूळ फाइल देणाऱ्या) लिंका वळवत नाही, आणि हे त्यांच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. आम्ही वाचलं नव्हतं, एवढंच.

आमचंच घर असं, असं वाटून वाईट वाटत होतं. पण प्यू रिसर्च सेंटरने मे २०२४ मध्ये दिलेला आकडा पाहिला: २०१३ मध्ये वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मग जरा बरं वाटलं. अशा गोष्टीने बरं वाटू नये खरं तर.

मेलेल्या लिंकेसाठी लिचीत ‘सजेस्ट’ नावाचा पर्याय आहे. तो इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधली जुनी प्रत शोधून देतो. सुरुवातीला मी खूश होऊन दहा-बारा लिंका तशाच बदलल्या. ब्राझीलमधल्या आमच्या एका मेंटेनरने माझा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव) पाहून एकच प्रश्न विचारला: ही २०१७ ची इन्स्टॉलेशनची कृती आज कोणी पाळली तर काय होईल? काय होणार, मशीनवर जुनाट पायथन २ बसेल. त्यानंतर मी ठरवलं की एखाद्या निर्णयामागची चर्चा किंवा जुना अहवाल असेल तर आर्काइव्हची प्रत द्यायची, ‘असं करा’ सांगणारं पान असेल तर ती द्यायची नाही. तिथे अधिकृत पान शोधायचं, नाही मिळालं तर दोन वाक्यांत आपणच लिहायचं. चौदा ठिकाणी मी लिंक सरळ काढून टाकली. आठ महिन्यांत एकाही वापरकर्त्याने त्यातल्या एकीचीही चौकशी केलेली नाही.

रीडायरेक्टच्या, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या, बाबतीत लिची मला अपुरी वाटते. लिंक वळून वळून कुठेतरी पोचली की तिच्या दृष्टीने काम फत्ते. पण लिंका अद्ययावत करायला बसलेल्या माणसाला नेमकं ते वळणच बघायचं असतं. त्यासाठी मी स्फिंक्सचा स्वतःचा ‘लिंकचेक’ चालवतो. तो प्रत्येक वळणापुढे कायमचं की तात्पुरतं ते लिहितो आणि नवा पत्ताही देतो. कायमचं असेल तर नवा पत्ता उचलायचा आणि जुन्याच्या जागी ठेवायचा. हा मूळ सेटिंगवर पाचच कामगार लावतो, म्हणजे एका वेळी पाचच लिंका बघतो, त्यामुळे बैलगाडीसारखा चालतो, पण समोरच्या सर्व्हरला त्रास देत नाही. आमच्याकडे दोन्ही आहेत: दर आठवड्याला लिची, महिन्यातून एकदा लिंकचेक.

नवा पत्ता उचलताना डोळे मात्र उघडे ठेवा. एका संस्थेने साइट नवी केली तेव्हा जुन्या डॉक्सची सगळी पानं थेट मुखपृष्ठाकडे वळवली. तपासणीत सगळं हिरवं. वाचणारा मात्र स्टेशन विचारायला गेलेल्या माणसासारखा: त्याला गावाच्या वेशीवर सोडून दिलेलं. उलट चांगलं उदाहरण पायथनच्याच डॉक्समध्ये आहे. सीजीआय हे जुनं मॉड्यूल (भाषेसोबत येणारा कोडचा एक भाग) ३.१३ या आवृत्तीत काढून टाकलं, पण त्याच्या जुन्या पत्त्यावर छोटंसं पान ठेवलंय: ३.११ पासून नापसंत (म्हणजे नव्याने वापरू नका), ३.१३ मध्ये काढलं. गेलेल्या माणसाच्या दारावर कोणीतरी चिठ्ठी लावून ठेवावी तसं. आम्हीही आता आमची पानं हलवली की तसंच करतो. आमची डॉक्स गिटहब पेजेसवर आहेत. तिथे सर्व्हरचं खरं ३०१ (कायमचं वळण) स्वतः लावता येत नाही, म्हणून जुन्या जागी मेटा रीफ्रेशचं, म्हणजे ब्राउझरला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारं, पान टाकतो. फार सुंदर उपाय नाही, चालतो.

आता रमीकडे परत येतो. लिची बसवण्यामागे ती मेल होती, म्हणून सगळं नीट लागल्यावर मी ती जुनी लिंक मुद्दाम परत घालून तपासणी चालवली. हिरवी. अर्थातच हिरवी, रमीवाल्यांचा सर्व्हर उत्तम चालतो, २०० (“सगळं ठीक”) देतो, आणि झटपट देतो. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध आणलं, त्यावर ते चालतच नाही. लिची दार उघडतंय का ते सांगते, आत कोण राहतं ते नाही. यात तिचा दोष नाही, पण वापरणाऱ्याने हे पहिल्या दिवशी समजून घ्यावं. मी ‘डंप’ हा पर्याय वापरून, काही न तपासता, फक्त लिंकांची यादी काढतो, तिच्यातून व्यक्तिगत डोमेनं वेगळी करतो आणि तीन महिन्यांतून एकदा ती स्वतः उघडून वाचतो. अठ्ठावीस आहेत. अर्धा तास लागतो.

मराठी पानांनी वेगळाच धडा दिला, आणि इंग्रजी डॉक्सवाल्यांना तो कधी मिळणार नाही. स्फिंक्स शीर्षकावरून त्या विभागाचा अँकर (पानातल्या नेमक्या जागी नेणारी खूण) बनवतं, पण अँकर बनवताना लॅटिन सोडून बाकी अक्षरं गाळतं. “स्थापना” हे शीर्षक गाळून खाली काहीच उरत नाही, म्हणून त्याला ‘आयडी१’, पुढच्याला ‘आयडी२’ असे क्रमांक पडतात. मुखपृष्ठावरून मी ‘आयडी३’ला, म्हणजे “पहिला आलेख” या विभागाला लिंक दिली होती. एप्रिलमध्ये त्याच पानावर वर एक नवा विभाग घातला आणि सगळे क्रमांक एकाने सरकले. तीच लिंक आता “फायली वाचणे”वर उघडू लागली. लिचीला अँकर तपासायला सांगितलेलं होतं. तिने पाहिलं, ‘आयडी३’ आहे, पुढे चला. उपाय सोपा आहे: प्रत्येक मराठी शीर्षकाच्या वर रोमन लिपीत स्वतःचं लेबल लिहायचं. सहा पानांना एक संध्याकाळ गेली. अनुवादाच्या पहिल्या दिवशीच केलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

तपासणीने खरोखर पकडून दिलेली एक चूकही मराठीच निघाली. आमची मराठी रीडमी मार्कडाउनमध्ये आहे, तिथे अँकर देवनागरीतच बनतात. “दुसऱ्या संगणकावर नेताना” या विभागाची लिंक लिची सतत लाल दाखवत होती. डोळ्यांना दोन्हीकडे तेच शब्द. तासभर डोकं खाजवल्यावर उलगडलं: शीर्षकात मी टाइप केलेला ‘ऱ’ एकच अक्षर होता, आणि लिंकमध्ये सहकाऱ्याच्या कीबोर्डवरून आलेला ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन. दिसायला जुळे, बाइटच्या हिशेबात परके. तशा लिंकवर ब्राउझर निमूट पानाच्या माथ्यावर थांबतो, चूक दाखवत नाही, त्यामुळे हे हाताने तपासून कधीच सापडलं नसतं. या एका कामासाठी लिचीला पूर्ण गुण.

देवनागरी पत्ते चिकटवताना होणारी लांबीही बघून ठेवा. ‘पुणे’ या शब्दात काना-मात्रांसकट चार युनिकोड चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि पत्त्यात ते % चिन्ह लावून लिहिले जातात तेव्हा प्रत्येक बाइटला तीन अक्षरं. म्हणजे पुणे लिहायला ३६ अक्षरं. मराठी विकिपीडियाच्या लिंका असलेला परिच्छेद संपादित करताना आपण मजकूर लिहितोय की शून्य-एकचा पाऊस बघतोय ते कळत नाही.

लिची आपोआप चालवण्याबद्दल दोन गोष्टी. सुरुवातीला मी ती प्रत्येक पीआरवर लावली होती. एका मुलीने आयुष्यातला पहिला पीआर पाठवला, एका शब्दाचं शुद्धलेखन दुरुस्त करणारा, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी साइटचा सर्व्हर त्या वेळी झोपलेला असल्याने तिच्या नावापुढे लाल फुली पडली. तिने माफी मागितली! त्या दिवसापासून पीआरवर लिची ऑफलाइन चालते, म्हणजे फक्त आपल्याच फायलींमधल्या लिंका बघते. बाहेरच्या लिंका शनिवारी सकाळी सातला, आणि निकाल गिटहबवर इश्यू (तक्रारीची नोंद) म्हणून नोंदला जातो. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या साडेपाच तास मागे) दिली आहे, म्हणून सातसाठी दीड लिहिलंय.

दुसरी गोष्ट माझ्या गाफीलपणाची. पावसाळ्यात आमच्याकडे दोन महिने कोणी काही मर्ज केलं नाही, म्हणजे एकही बदल मुख्य कोडमध्ये घेतला नाही. शनिवारचे इश्यू येणंही थांबलं. मी समजलो, सगळं आबादीआबाद. सार्वजनिक रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या कोठारात) ६० दिवस हालचाल नसेल तर गिटहबवर वेळापत्रकाने चालणारी कामं आपोआप बंद होतात, हा नियम मला तेव्हा कळला. आता सगळं ठीक असलं तरी “तपासलं, काही नाही” एवढी एक ओळ येईल अशी सोय केली आहे. ती ओळ आली नाही की मी बघायला जातो.

घ्यावं का? वीसेक लिंकांची साइट असेल तर नको, हाताने उघडा. स्फिंक्सवरच असाल आणि घाई नसेल तर लिंकचेक पुरेल. मार्कडाउन, एचटीएमएल, रीडमी अशी खिचडी असेल तर लिची नक्की घ्या, पण पहिले दोन शनिवार तिला समजून घेण्यात जातील हे धरून चाला.

आणि अपवादांची यादी अधूनमधून उघडून वाचा. सेटिंगच्या फाइलमध्ये कोणत्या लिंका वगळायच्या ते लिहिता येतं, आणि सुरुवातीच्या लाल धक्क्यात आपण तिथे काहीही कोंबतो. गेल्या आठवड्यात मी ती यादी पहिल्यांदाच शांतपणे वाचली. अकरा ओळी होत्या. एकीत नुसतं ‘एक्झाम्पल’ लिहिलेलं. नमुन्यादाखल दिलेले खोटे पत्ते वगळायला मीच घातलं होतं. एक तर तशी नमुन्याची डोमेनं लिची मुळातच वगळते. आणि दुसरं म्हणजे ही ओळ रेजेक्स (मजकुरात शोधायचा नमुना) म्हणून वाचली जाते, अख्ख्या पत्त्यात कुठेही तो शब्द आला की लिंक वगळली. आमच्या उदाहरणांच्या विभागाचं नाव ‘एक्झाम्पल्स’ आहे. म्हणजे आठ महिने त्या विभागाकडे जाणारी एकही लिंक तपासलीच गेली नव्हती. ओळ काढली, लिची चालवली. नऊ मेलेल्या निघाल्या.