तुटलेल्या कॅस्पेज-३ ची अँटीबॉडी : ब्लॉटवर भरवशाची, स्लाइडवर नव्हे

अपॉप्टोसिसच्या (पेशीच्या नियोजित मृत्यूच्या) वाटेला लागलेल्या मानवी पेशींत कॅस्पेज-३ (हा मृत्यू घडवून आणणारे एक विकर) तुटून सक्रिय झाले आहे की नाही, हे तपासण्यासाठी सशापासून मिळवलेली एक पॉलिक्लोनल अँटीबॉडी (एकाच लक्ष्याला चिकटणाऱ्या अनेक अँटीबॉडींचे मिश्रण) आम्ही गेले काही महिने वापरत आहोत. १७५ व्या अ‍ॅस्पार्टेटपाशी साखळी तुटल्यावर जे टोक उघडे पडते तेवढेच ती ओळखते, अखंड प्रथिनाला चिकटत नाही, असा डेटाशीटचा दावा आहे आणि वेस्टर्न ब्लॉटपुरता (प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने शोधण्यापुरता) तो खरा ठरला. अपॉप्टोसिस घडवणारे स्टॉरोस्पोरिन हे औषध दिलेल्या जुर्कट पेशींच्या (मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींच्या) लायसेटमध्ये, म्हणजे पेशी फोडून मिळालेल्या द्रावात, १७ आणि १९ किलोडाल्टनचे दोन बँड स्वच्छ उमटले. अखंड प्रोकॅस्पेज जिथे दिसते त्या ३५ किलोडाल्टनच्या आसपास काहीच आले नाही, आणि औषध न दिलेल्या पेशींची लेन जवळजवळ कोरी राहिली.

पहिला ब्लॉट मात्र पूर्ण रिकामा निघाला होता, आणि त्याचा दोष अँटीबॉडीला देता येणार नाही. आम्ही ०.४५ मायक्रॉनचे मेम्ब्रेन घेतले होते, ज्यातून इतका लहान तुकडा सहज आरपार जाऊ शकतो. शिवाय माध्यमात तरंगणाऱ्या पेशी आम्ही ओतून दिल्या होत्या. तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी मरताना तळ सोडतात, त्यामुळे ज्यांचा शोध घ्यायचा त्याच सिंकमध्ये गेल्या! ०.२ मायक्रॉनचे पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, १५ टक्क्यांचे जेल आणि ५ टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिनच्या द्रावणात) अँटीबॉडीचे १:१००० विरलन एवढ्यावर पुढे काम सुरळीत झाले.

खरी अडचण इम्युनोफ्लुरोसन्समध्ये (स्लाइडवरच्या पेशींत अँटीबॉडी कुठे चिकटली हे चमकणाऱ्या रंगाने पाहण्यात) आली. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींच्या कॅस्पेज-३ जनुकातून ४७ बेसजोड्या गळालेल्या असल्याने त्यांत हे प्रथिन तयारच होत नाही, तरीही त्या अपॉप्टोसिसने मरू शकतात. तेव्हा अँटीबॉडीची निवडकता पारखायला याहून सोयीच्या पेशी शोधूनही सापडणार नाहीत. या पेशींच्या ब्लॉटवर अपेक्षेप्रमाणे काही आले नाही, परंतु स्लाइडवर त्यांची केंद्रके जुर्कटइतकीच चमकली. झेड-व्हॅड-एफएमके हा रोधक देऊन कॅस्पेज रोखल्यावरही ती चमक कमी झाली नाही. विक्रेत्या कंपनीने विरलन वाढवण्याचा सल्ला दिला. त्याने खरा संकेत आणि खोटा संकेत दोन्ही सारखेच फिके झाले. डेटाशीटवर इम्युनोफ्लुरोसन्ससमोर बरोबरची खूण आहे, पण सोबत एकही ऋण नियंत्रण (जिथे संकेत येऊच नये असा नमुना) दाखवलेले नाही, हे खरेदीपूर्वीच खटकायला हवे होते.

साठवणीबाबत तक्रार नाही : ५० टक्के ग्लिसरॉलमुळे उणे २० अंशांवरही द्रव गोठत नाही. दुसऱ्या लॉटमध्ये (उत्पादनाच्या दुसऱ्या खेपेत) मात्र ५० किलोडाल्टनच्या जवळ एक जादा बँड दिसू लागला, जो पहिल्या लॉटमध्ये नव्हता. पॉलिक्लोनलमध्ये असे घडणे नवल नाही, परंतु एकाच प्रयोगमालिकेसाठी लागणाऱ्या सर्व कुप्या एकाच लॉटच्या मागवाव्यात, आणि स्लाइडचे काम असेल तर ही अँटीबॉडी मागवूच नये.