फिरत्या घुमटातला माया लोकांचा सूर्य: शाळेत मागवावा का?

वर्गात मावेल एवढा फुगवायचा घुमट, आत सतरंजी, मधोमध प्रोजेक्टर. मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या प्राचीन माया लोकांनी सूर्य पाहण्यासाठी बांधलेल्या वास्तूंचा सिनेमा, पोरामागे ४० रुपये. आमच्या जिल्हा परिषद शाळेने मागवला. पाचपैकी तीन देतो.

चित्रं झकास. मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाचा एल कास्तियो पिरॅमिड डोक्यावर आला तसे सारे पोट्टे चूप. चारही बाजूंना ९१-९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. मग विषुवदिनाची, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाची, उतरती दुपार. नऊ टप्प्यांच्या कोपऱ्याची सावली उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर पडते, मध्ये उन्हाचे त्रिकोण उरतात आणि ते पायथ्याच्या दगडी सापाच्या तोंडाला जाऊन जुळतात. "हा साप वर्षातून फक्त दोनच दिवस दिसतो," असं निवेदक भारदस्त आवाजात सांगतो. खोटं आहे. आगेमागे कित्येक दिवस तो जवळजवळ तसाच दिसतो, आणि माया लोकांनी तो मुद्दाम साधला का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हे सांगितल्यानं पोरांची मजा कमी झाली नसती.

मला त्याहून ग्वाटेमालातलं वाशाक्तून आवडलं, आणि नेमकं तेच त्यांनी घाईत उरकलं. पश्चिमेला पिरॅमिड, समोर पूर्वेला एका लांब ओट्यावर तीन छोटी देवळं. पिरॅमिडवरून पाहिलं की जूनच्या अखेरीकडे सूर्य उत्तरेच्या देवळाकडून उगवतो, डिसेंबरात दक्षिणेच्या, विषुवदिनी मधल्या देवळामागून. पुरातत्त्वज्ञ फ्रान्स ब्लोम यांनी १९२४ साली ही जुळणी ओळखली. सातवीतली एक पोरगी तिथंच बोलली, "सर, आमच्या आंगनातून थंडीत सूर्य टाकीच्या उजव्या अंगानं निघते जी, उन्हाळ्यात डाव्या." याहून चांगला प्रश्नोत्तराचा धागा कोणता हवा होता? पण घुमटवाल्या दादाला फक्त बटण दाबता येतं.

आणखी एक राहूनच गेलं. चिचेन इत्झा आणि आपलं वर्धा जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, उत्तर २०.७ अंशांच्या आसपास. २४ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य तिथंही डोक्यावर, इथंही. उभ्या काठीची सावली गायब. जुलैत पुन्हा तसंच, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ. सुट्टीत अंगणात काठी रोवून बघा, एवढं पोरांना सांगायला काय जात होतं? ते मग मीच सांगितलं.

मागवायचा तर डिसेंबर-जानेवारीत, सकाळच्या पाळीत. मार्चात आत जीव घाबरतो. हवेचा पंखा थांबला की घुमट खाली बसतो. आमच्याकडे मधातच लाईन गेली, जनरेटर त्यांनी आणला नव्हता, आणि पाचवीचे पोट्टे कापडाखालून खिदळत बाहेर निघाले. निवेदन मराठीत आहे का, तेही आधी विचारा. आमचं हिंदीत होतं, पहिली-दुसरीच्या लेकरांना काहीच उमजलं नाही. त्यांचे पैसे परत मागितले, निम्मे मिळाले.