मोठी निवासी संस्था की छोटं गटघर: इमारतीआधी ड्युटीचा तक्ता बघा

घरातल्या अपंग व्यक्तीसाठी निवासी व्यवस्था शोधायला निघालेली माणसं शेवटी बहुतेक दोन प्रकारच्या जागांपाशी येऊन अडतात. एक म्हणजे मोठी संस्था: पन्नास-शंभर रहिवासी, आवारातच फिजिओथेरपी, कार्यशाळा, नर्स, एकच मोठं स्वयंपाकघर. दुसरं म्हणजे गटघर: वस्तीतल्या साध्या घरात राहणारे चार-सहा जण आणि त्यांच्या मदतीला पाळीपाळीने येणारी मोजकी माणसं. मोठं ते जुनाट आणि छोटं ते चांगलं, असं सांगणारे खूप भेटतील. मी अशा जागांमध्ये ड्युट्या लावण्याचं काम बराच काळ केलं आहे, आणि मला हे अर्धंच पटतं. कर्मचाऱ्यांचा दिवस कसा बेतलाय, त्यावर रहिवाशाचा दिवस ठरतो. त्यामुळे इथे दोन्ही प्रकारच्या जागांचे दिवस शेजारी शेजारी ठेवून बघू.

मोठ्या संस्थांबद्दलची भीती मात्र उगाच आलेली नाही. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या सरकारी संस्थेत सुमारे ४,००० जणांची सोय होती आणि १९६५ च्या सुमारास तिथे ६,००० हून जास्त माणसं कोंबलेली होती. १९७२ मध्ये टीव्हीवर आतली दृश्यं दिसल्यावर लोक हादरले, तरी ती पूर्ण बंद व्हायला १९८७ उजाडलं. पण दुसरी बाजूही बघा. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या अशाच लोकांसाठीच्या खासगी रुग्णालयात छुप्या कॅमेऱ्याने कर्मचाऱ्यांची मारहाण टिपली, आणि पुढे अकरा जण दोषी ठरले. तिथे खाटा होत्या फक्त २४. संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार २००६ चा. त्याचं कलम १९ सांगतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे. त्यावर २०१७ मध्ये कराराच्या समितीने जे भाष्य केलं त्यात तर स्पष्टच म्हटलंय की संस्थापण खाटांच्या संख्येत नसतं. मदतनीस कोण असावा यात त्या व्यक्तीला काहीच मत नसणं, ताठर दिनक्रम, सगळ्यांना एकाच वेळी एकच उद्योग लावणं, ही संस्थापणाची लक्षणं. ती चार जणांच्या घरातही सापडतात.

सकाळ

सगळ्यात जास्त कळतं ते सकाळी. मोठ्या संस्थेत रात्रपाळी सुटायच्या आत अमुक इतक्यांच्या अंघोळी उरकलेल्या हव्यात, असा अलिखित नियम पुष्कळ ठिकाणी असतो. कागदावर तो कुठेच नसतो, पण न पाळणाऱ्याला दिवसपाळीकडून ऐकून घ्यावं लागतं. परिणाम असा की पाच वाजता दिवे लागतात आणि ज्याला उठून कुठेही जायचं नाही असा माणूस साडेपाचला न्हाऊन, केस विंचरून व्हीलचेअरवर बसलेला असतो. नाश्ता आठला. मधले अडीच तास तो भिंतीकडे बघत काढतो. यात कुणी दुष्ट नसतं. तिघांनी बारा जणांचं आवरायचं असलं की रांगच लागते.

गटघरात ही रांग नाही. चौघांपैकी एकाला उशिरा उठायचं असेल तर उठू देता येतं. पण तिथल्या कर्मचाऱ्याला अंघोळी घालून भागत नाही. नाश्ता, कपडे धुणं, फरशी, औषधं, नोंदी, दवाखान्याला फोन, सगळं त्याच्याच अंगावर. मग एक गोष्ट हमखास घडते, जी पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या एका बाईंचं उदाहरण देतो. शर्टाची उजवी बाही त्या स्वतः घालू शकायच्या. आधी मूठ सैल व्हायची वाट बघायची, मग कोपर टेबलावर टेकवून हात आत सरकवायचा, मध्ये एकदा थांबायचं. सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. गॅसवर भांडं ठेवून आलेली मदतनीस तीच बाही अर्ध्या मिनिटात चढवते. तिची माया खरी असते, घाईही खरी असते, आणि काही महिन्यांत त्या बाई हात पुढे करायचं सोडून देतात.

ब्रिटनमधले संशोधक जिम मॅन्सेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या कामातून वारंवार पुढे आलं ते असं: नुसती माणसं वाढवली म्हणून रहिवाशांचा सहभाग वाढत नाही, कर्मचाऱ्यांनी 'करून देण्या'ऐवजी 'करायला मदत' करण्याचं प्रशिक्षण घेतलं, तर वाढतो. म्हणून 'इथे एका माणसामागे किती रहिवासी?' हा प्रश्न विचाराच, पण तेवढ्यावर थांबू नका. 'इथला कुणी रहिवासी कपड्यांच्या घड्या घालतो का, स्वतःचं ताट उचलतो का, आणि त्याला किती वेळ दिला जातो?' याचं उत्तर जास्त बोलकं असतं.

सकाळ कुणाची सरस? ज्याला स्वतःच्या लयीत आवरायचं आहे त्याच्यासाठी गटघर, पण मदतनीस शिकलेला असेल तरच. ज्याला उचलायला दोन माणसं लागतात त्याला मोठ्या संस्थेत हाकेला दुसरा माणूस मिळतो. गटघरात एकटीच मदतनीस असली की तो आठवड्यातून किती वेळा अंथरुणावरच राहतो, हे विचारून घ्या. यंत्राने उचलायची सोय आहे असं सांगितलं तर ते यंत्र बघायला मागा. खोक्यातून बाहेर न काढलेलं यंत्रही अनेक ठिकाणी 'सोय' म्हणून मोजलेलं असतं.

रात्र आणि चार्ज

रात्रपाळीच्या बाबतीत गटघरांच्या माहितीपत्रकावरचं 'चोवीस तास कर्मचारी' हे वाक्य उलगडून घ्यावं लागतं. रात्रीचा माणूस जागा असतो की तिथे झोपायला असतो? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याला शय्याव्रण (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून रात्रीही ठरावीक अंतराने वळवावं लागतं, आणि ते कुणी जागं असल्याशिवाय होत नाही. आकडीचंही तसंच. पाच मिनिटांहून जास्त चाललेली आकडी म्हणजे तातडीचा प्रसंग, पण ती सुरू कधी झाली हे कुणी पाहिलंच नसेल तर पाच मिनिटं मोजणार कोण? मोठ्या संस्थेत जागी नर्स बहुधा असते, मात्र लांबलचक व्हरांड्याला एकच मदतनीस असेल तर तिच्या फेऱ्यांची वेळ विचारा आणि फेऱ्यांचं रजिस्टर बघा. सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच बैठकीत केलेल्या दिसल्या, तर काय समजायचं ते समजा.

पाळी बदलताना चार्ज देतात-घेतात ती पंधरा मिनिटं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. मोठी संस्था इथे उजवी ठरते. तिथे रजिस्टर असतं, औषध देणाऱ्याची सही असते, कोण किती जेवलं, कुणाला शौचाला झालं नाही, याचे तक्ते असतात. हे तक्ते कारकुनी वाटतात, पण न बोलणारा माणूस अचानक डोकं आपटायला लागला, जेवण ढकलायला लागला, तर त्यामागे पुष्कळदा साधं बद्धकोष्ठ किंवा दाताचं दुखणं निघतं. तक्ता असेल तर नर्सच्या ध्यानात येतं की चार दिवस पोट साफ नाही. नसेल तर 'हल्ली फार त्रास देतो' एवढीच नोंद होते आणि झोपेचं औषध वाढतं. बद्धकोष्ठ दुर्लक्षित राहून बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांचा जीव गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून इतकं लांबण लावतोय.

गटघरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि नेमकं म्हणूनच काही लिहिलं जात नाही. घास किती मऊ हवा, पाण्याला घट्टपणा किती हवा, जेवणानंतर किती वेळ ताठ बसवायचं, हे सगळं जुन्या मदतनिसाच्या डोक्यात. ती रजेवर गेली आणि एजन्सीकडून नवा माणूस आला की पहिल्याच जेवणाला ठसका लागतो, आणि गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला ठसक्यातून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. चांगलं गटघर ओळखायची खूण अशी: कुठल्याही एका रहिवाशाबद्दल नवख्या माणसाने वाचून सकाळ निभवावी असा एक-दोन पानी कागद तिथे असतो, आणि त्यावरची तारीख अलीकडची असते.

कर्मचाऱ्यांचं जगणं

कुटुंबं याबद्दल विचारत नाहीत. विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. पाळी आठ तासांची की बाराची? बदली माणूस आला नाही तर सलग दुसरी पाळी करावी लागते का? पाठदुखीमुळे गेल्या वर्षात किती जणांनी काम सोडलं? पगार वेळेवर होतो का?

मोठ्या संस्थेत मदतनिसाला सोबत असते. वैतागली तर दोन मिनिटं बाहेर जाऊन येते, सिनिअरला सांगते, दुसऱ्या विभागात बदली मागते. गटघरातली मदतनीस रात्रभर एकटी. चावणाऱ्या, ओरबाडणाऱ्या माणसाबरोबर ती सलग बारा तास काढते आणि सकाळी तिचं ऐकून घ्यायला कुणी नसतं. अशीच माणसं आधी गप्प होतात, मग आवाज चढवतात, मग एक दिवस येतच नाहीत. मोठ्या संस्थेतून एक जण गेला तर तक्ता हलतो. गटघरातून गेला तर चार रहिवाशांच्या जगातला एक अख्खा माणूस जातो. एकानंतर एक मदतनीस सोडून गेल्यावर काही रहिवासी नव्या माणसाचं नाव शिकायचंच सोडून देतात.

तिसरा एक प्रकार आहे: जिथे मदतनीस पाळीवर येत नाहीत, रहिवाशांबरोबरच राहतात. १९४० मध्ये कार्ल क्योनिग यांनी स्कॉटलंडमध्ये सुरू केलेली कँपहिल चळवळ आणि १९६४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली लार्श ही त्याची जगभर पसरलेली रूपं. ऐकायला हे सगळ्यात घरगुती वाटतं, आणि ओढीने आलेली माणसं तिथे भेटतातही. पण लार्शचे संस्थापक ज्याँ व्हॅनिए यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीत बाहेर आलं. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. ज्याच्याभोवती संतपणाचं वलय आहे त्याला प्रश्न विचारले जात नाहीत, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. कुठल्याही जागेत बाहेरचं कोण, कधी, न सांगता येऊन बघतं? गटघरात हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा, कारण तिथे बंद दाराआड साक्षीदार नसतो.

सोबतचे रहिवासी

इथे मोठ्या संस्थेची एक बाजू कुणी बोलून दाखवत नाही. शंभरात तुमच्या माणसाला एक-दोन मित्र सापडतात. चौघांत नाही पटलं तर सुटका नाही. आवाज सहन न होणारा स्वमग्न तरुण आणि दिवसभर ओरडणारा शेजारी एकाच भिंतीला टेकून राहिले तर घर कितीही सुंदर असो, दोघांचे हाल. 'खोली रिकामी आहे' आणि 'जोडी जमेल' या वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामी खोली भरायची घाई झालेली संस्था लगेच ओळखू येते: ती इतर तिघांबद्दल काही सांगत नाही आणि त्यांना तुमच्या माणसाबद्दल काही विचारत नाही.

बाहेरच्या जगाशी संबंधाच्या बाबतीत मात्र गटघर निर्विवाद पुढे. दुकानदार ओळखतो, शेजारी हात करतात, बस पकडावी लागते. मोठ्या संस्थेत सहल असते, चाळीस जणांची, एकाच रंगाच्या टोप्या घातलेली.

मग कुणासाठी काय

नाकनळी (नाकातून अन्न देण्याची नळी), वारंवार आकड्या, शय्याव्रणाचा धोका अशी वैद्यकीय गुंतागुंत मोठी असेल आणि गटघरात रात्री जागा, शिकलेला माणूस मिळत नसेल, तर चांगल्या चालवलेल्या मोठ्या संस्थेला मी कमी लेखणार नाही. ज्याला स्वतःची मतं आहेत, थोडंफार बाहेर पडता येतं, ज्याचं खरं दुखणं कंटाळा हेच आहे, त्याने गटघराकडेच बघावं. वागणुकीचा त्रास जास्त असेल तर आकार विसरा, त्या विशिष्ट जागेतले मदतनीस किती काळ टिकलेत ते बघा. मधली वाटही असते: राहायला गटघर आणि दिवसा मोठ्या केंद्रात काम किंवा थेरपी. दोन जागा, दोन वेगळे चेहरे, आणि एका जागी काही बिनसलं तर दुसऱ्या जागी कुणाच्या तरी लक्षात येतं.

बघायला जाताना जिला राहायचं आहे त्या व्यक्तीला बरोबर न्याच. तिथला कर्मचारी पाणी हवं का हे तिला विचारतो की तिच्या डोक्यावरून तुम्हाला, हे पहिल्या पाच मिनिटांत दिसेल. सकाळी अकराची ठरवून दिलेली भेट घ्या आणि मग रविवारी संध्याकाळी परत जा, कारण माणसं सगळ्यात कमी असतात ती तेव्हाच. प्रवेशाआधी काही रात्रींचा अनुभवमुक्काम मागा, त्यात एक तरी शनिवार-रविवार धरा.

कागदावर सही करण्याआधी दोन कलमं वाचा. रहिवासी महिनाभर रुग्णालयात राहिला तर त्याची खोली राखून ठेवतात का, आणि गरज वाढली तर काय करतात. डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये विस्मरणाचा आजार चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. 'तेव्हा बघू' असं उत्तर मिळालं, तर लेखी काय आहे ते मागून घ्या.